विषाणू निवडावा की माशी? एका पशुवैद्यकाच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात इंटर्नशिप चालू आहे, जनावरांच्या विषाणूंवर संशोधन करायचं आहे, पण कीटकांच्या जनुकांचं वेडही सुटत नाही. एका प्राध्यापकांनी ‘दोन डगरींवर पाय ठेवू नका’ असं बजावलंय. घरचे पशुधन विकास अधिकाऱ्याच्या परीक्षेसाठी मागे लागलेत. आणि शेवटी जाता जाता विचारलंय, की वाळूमाशीचीच जनुकं बदलून टाकली तर तिच्यामुळे पसरणारा चांदीपुरा हा मुलांचा मेंदूज्वर कायमचा थांबेल का, आणि हे सगळं नागपुरात राहून जमेल का.

मीही पशुवैद्यकच. विषाणुशास्त्रात आले, तिथून चावणाऱ्या माश्यांच्या मागे लागले आणि आता दोन्हींतलं काही सोडवत नाही. तेव्हा माझं उत्तर थोडं एका बाजूला झुकलेलं असणार, हे गृहीत धरूनच वाचा.

प्राध्यापकांचा सल्ला अर्धा बरोबर आहे. ‘विषाणू’ हा एक विषय आणि ‘कीटकांची आनुवंशिकी’ हा दुसरा, असे दोन गठ्ठे उचलायला गेलात तर पाच वर्षांत दोन्हीकडचं वरवरचं येईल आणि धड कशातच नाव होणार नाही. पण तुमची अडचण विषय निवडण्याची नाहीच, असं तुमचा मजकूर वाचून मला वाटलं. तुम्हाला हवी आहे ती नेमकी जागा, जिथे विषाणूचं पुढे काय होणार हे कीटकाच्या जनुकांवर ठरतं. तशी जागा सापडली तर दोन विषय राहत नाहीत, एकच राहतो. आणि अशी जागा प्रत्येक रोगात नसते. इथेच बरेच विद्यार्थी फसतात.

लंपीचं उदाहरण घ्या. भारतात हा रोग २०१९ मध्ये ओडिशात पहिल्यांदा नोंदवला गेला आणि २०२२ मध्ये त्याने काय हाल केले ते तुम्ही विद्यार्थी असताना पाहिलंच असेल. हा देवीच्या कुळातला विषाणू. गोठ्यातली चावरी माशी, म्हणजे स्टोमॉक्सिस, किंवा डास तो पसरवतात, पण तो त्यांच्या अंगात वाढत नाही. एका जनावराच्या गाठीवर बसलेली माशी तोंडाला लागलेला विषाणू घेऊन शेजारच्या जनावराला चावते. वापरलेल्या सुईने दुसऱ्याला टोचावं तसा प्रकार. इथे माशीची जनुकं कोणती आहेत याने जवळजवळ काही फरक पडत नाही. माशा किती, त्या किती वेळा चावतात आणि कळपात लस झाली आहे का, एवढंच महत्त्वाचं. लंपीवर उत्तम संशोधन होऊ शकतं, पण ते कीटकांच्या आनुवंशिकीचं संशोधन नव्हे. प्रस्तावात ‘माशीची जनुकं’ असा शब्द घुसडला म्हणून होत नाही.

आता मेंढ्यांचा ब्लूटंग घ्या. क्युलिकॉइडिस नावाची बारीक चिलटं तो पसरवतात. इथे विषाणू रक्तासोबत चिलटाच्या पोटात जातो, मधल्या आतड्याच्या पेशींत शिरतो, तिथे वाढतो, त्यांतून बाहेर पडून शरीरभर पसरतो आणि शेवटी लाळग्रंथीत पोहोचतो. याला काही दिवस जातात. वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर तो अडू शकतो. काही चिलटांत आतड्यातच अडतो, काहींत आतड्यातून निघतो पण लाळेपर्यंत जात नाही. मग प्रश्न उभा राहतो: एकाच जातीतली काही चिलटं विषाणूला आत घेतात आणि काही घेत नाहीत, हे पिढीजात आहे का? अमेरिकेत टाबाच्निक यांनी १९९० च्या आसपास क्युलिकॉइडिसचे वेगवेगळे वंश पाळून त्यांचे संकर केले. ब्लूटंगचा विषाणू तोंडावाटे लागण्याची क्षमता मुख्यतः एका जनुकस्थानाशी बांधलेली आहे, असा निष्कर्ष त्यांतून निघाला. तुम्ही ज्या कामाची स्वप्नं बघताय, ते हे.

म्हणून पहिली गाळणी हीच: विषाणूला कीटकाच्या अंगात वाढावं लागतं का? नसेल तर पुढचं वाचायची गरज नाही, वेगळा रोग निवडा.

नागपूरकरांनी दूर जायची गरज नाही. चांदीपुरा विषाणू आपल्याच शहराचा. १९६५ मध्ये नागपुरात तापाची साथ होती, तेव्हा चांदीपुरा या भागातल्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी तो वेगळा केला आणि १९६७ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. तेव्हा त्याच्याकडे कुणी फार गांभीर्याने पाहिलं नाही. २००३ च्या पावसाळ्यात आंध्र प्रदेशात मेंदूज्वराची ३२९ मुलं आली, त्यातली १८३ दगावली, तेव्हा सगळे जागे झाले. महाराष्ट्रातही तेव्हा रुग्ण होते, २००७ मध्ये नागपूर विभागात साथ आली, आणि २०२४ मध्ये गुजरातेत पुन्हा. त्या वर्षी देशात जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले, ८२ मृत्यू झाले, आणि त्यातल्या ६४ जणांत चांदीपुरा निश्चित झाला. बाकीच्यांना काय होतं, हा प्रश्न आपल्या क्षेत्रात नेहमीच उरतो. मूल सकाळी तापाने फणफणतं, दुपारी झटके येतात आणि कधी दुसरा दिवस उजाडत नाही. एवढ्या घाईच्या आजारात नमुना वेळेत मिळणंच अवघड असतं.

डुकरं, म्हशी, गाई, शेळ्या, मेंढ्या अशा अनेक जनावरांच्या रक्तात याच्या विरोधातली प्रतिद्रव्यं सापडली आहेत. म्हणजे जनावरांशी विषाणूची गाठ पडते. पण नेमकं कोणतं जनावर त्याला सांभाळून ठेवतं हे ठरलेलं नाही. पशुवैद्यकाला इथे हक्काची जागा आहे. वैद्यकीय महाविद्यालयातली मंडळी गोठ्यात जाऊन म्हशीचं रक्त काढणार नाहीत.

आणि हा विषाणू वाळूमाशीत वाढतो. महाराष्ट्रात पकडलेल्या फ्लेबोटोमस गटातल्या वाळूमाश्यांतून तो वेगळा केलेला आहे. १९८३ मध्ये टेश आणि मोदी यांनी दाखवलं की फ्लेबोटोमस पापाटासी या जातीत तो मादीकडून अंड्यांमार्फत पिलांत उतरतो. पुढे पुण्यात नराकडून मादीला समागमातून लागण होते हेही दिसलं. हे वाचून थोडं थांबा. चावलं नाही, रक्त प्यायलं नाही, तरी पुढची पिढी विषाणू घेऊनच जन्माला येऊ शकते. म्हणजे माशी नुसती वाहक नाही, ती कोठारही असू शकते. मग ‘जनावरातला साठा शोधा’ हा प्रश्न आणि ‘माशीची जनुकं काय करतात’ हा प्रश्न एकमेकांत गुंततात.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते, कारण विषाणू आणि आनुवंशिकी एकत्र का शिकावी हे तिच्यातून जितकं पटतं तितकं दुसऱ्या कशातून पटत नाही.

प्रयोगशाळेत फळमाश्या, म्हणजे ड्रॉसोफिला, गुंगवायला कार्बन डायऑक्साइड सोडतात. माश्या पटापट आडव्या होतात, मऊ ब्रशने नर-मादी वेगळे करायचे, आणि गॅस काढला की काही मिनिटांत त्या पाय झाडत उठतात. १९३७ मध्ये फ्रान्समध्ये लेरिटिए आणि टेसिए यांच्याकडे एक वंश असा निघाला की त्यातल्या माश्या उठेचनात. पाय लुळे पडायचे आणि त्या मरायच्या. ही खोड पिढ्यानपिढ्या चालत होती, तेव्हा जनुकातला दोष असणार असं कुणालाही वाटेल. पण संकर केले तर मेंडेलचा हिशेब जुळेना. आईला खोड असली की जवळजवळ सगळ्या पिलांत, बापाला असली की थोड्यांतच. हळूहळू कळलं की हे जनुक नाहीच, अंड्यातून आणि शुक्रपेशीतून उतरणारा विषाणू आहे. त्याचं नाव सिग्मा. त्याचे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले तेही १९६५ मध्येच, आपला चांदीपुरा सापडला त्याच साली. आकार बंदुकीच्या गोळीसारखा. रेबीज, चांदीपुरा आणि सिग्मा ही सगळी एकाच कुळातली भावंडं, ऱ्हॅब्डोविषाणू. चांदीपुराचा विषाणू फळमाशीला टोचला तर तिलाही कार्बन डायऑक्साइड सोसत नाही.

या गोष्टीचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. जंगलातल्या काही फळमाश्यांना सिग्मा लागतच नाही, किंवा फार कमी लागतो. कारण शोधता शोधता रेफ(२)पी नावाचं जनुक सापडलं. त्याच्या प्रथिनात एका जागी दोन अमिनो आम्लांऐवजी एकच असेल तर माशी विषाणूला दाद देत नाही. एवढासा बदल! याच जनुकाचं सस्तन प्राण्यांतलं रूप पी६२ म्हणून ओळखलं जातं, पेशीतला कचरा साफ करण्यात त्याचा हात असतो. म्हणजे माशीत सापडलेला धागा गाई-म्हशींच्या पेशीपर्यंत येतो. पण विषाणू गप्प बसला नाही. दक्षिण फ्रान्समधल्या माश्यांत १९८० च्या दशकात सिग्माचा असा प्रकार वाढला ज्याला हे प्रतिकाराचं जनुक अडवू शकत नव्हतं. काही वर्षांत जुन्या प्रकाराची जागा त्याने घेतली.

तुमच्या जनुकं बदलण्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आलं. आरएनए विषाणू भराभर बदलतो. चांदीपुराचा जीनोम जेमतेम ११ हजार अक्षरांचा आणि जनुकं पाच, पण प्रत्येक प्रत काढताना चुका होतात आणि त्या चुकांतूनच त्याची पळवाट निघते. तुम्ही माशीत एक कुलूप बसवलंत की किल्लीसाठीची निवड त्याच दिवशी सुरू होते.

विदर्भात हे कुणाला समजावून सांगावं लागू नये. अळीला मारणारं प्रथिन स्वतःच बनवणारा बीटी कापूस २००२ मध्ये आला, दोन प्रथिनांचा २००६ मध्ये. गुलाबी बोंडअळीने पहिलं प्रथिन दशकभराच्या आत पचवलं, दुसरंही पुढच्या काही वर्षांत, आणि २०१७ च्या हंगामात इथल्या कापसाचं काय झालं ते गावागावांत लोक अजून सांगतात. अळीच्या आतड्यात ज्या प्रथिनाला पहिलं विष चिकटतं, त्या कॅडहेरिनच्या जनुकात बदल झाले, विषाला चिकटायला जागाच राहिली नाही. बियाण्याच्या पिशवीसोबत नॉन-बीटीचं १२० ग्रॅमचं पाकीट यायचं, कडेला लावण्यासाठी. हेतू हा, की तिथे वाढलेल्या साध्या अळ्यांशी संकर होऊन प्रतिकाराची जनुकं विरळ राहावीत. ते पाकीट बांधावर फेकलं जायचं. शेतकऱ्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. पाच एकरांत मुद्दाम अळ्या पाळा, हे त्याला कुणी नीट समजावलंच नाही. वर्धा रोडवरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत या विषयाची जाणती माणसं आहेत. तुम्हाला वाळूमाशीवर काम करायचं असलं तरी तिथे जाऊन बसा. कीटकांची आनुवंशिकी नागपुरात शिकायची तर बोंडअळीसारखा गुरू नाही.

जनुकं बदलण्याच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर व्यवहाराचं आहे. डेंग्यूच्या बाबतीत कीटकालाच बदलण्याचा एक मार्ग यशस्वी झाला आहे. एडिस डासांत वोल्बाकिया हा जिवाणू बसवून ते सोडले, आणि इंडोनेशियातल्या योग्याकार्ता शहरात डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. पुद्दुचेरीच्या रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्रातही असे डास तयार केलेले आहेत. गंमत म्हणजे वोल्बाकिया विषाणूंना आवर घालतो हे आधी फळमाशीतच कळलं होतं. पण एडिस शहरात राहतो, साठलेल्या पाण्यात वाढतो, प्रयोगशाळेत लाखांनी निघतो. वाळूमाशीचं तसं नाही. तिच्या अळ्या पाण्यात नसतात. गोठ्याच्या कोपऱ्यातली ओलसर माती, शेणकुजीचा थर, भिंतीच्या बुंध्याच्या भेगा, अशा ठिकाणी विखुरलेल्या असतात. प्रयोगशाळेत अंड्यापासून माशी व्हायला महिना-दीड महिना सहज लागतो. अळ्यांना सशाच्या लेंड्या आणि चाऱ्याचं कुजवलेलं मिश्रण घालावं लागतं. ते जास्त ओलं झालं तर बुरशी सगळी पिढी गिळते, कोरडं पडलं तर अळ्या मरतात. नागपूरच्या मे महिन्यात वीज गेली की तापमान आणि ओल दोन्ही हातातून जातात. या कामाला विद्वत्तेपेक्षा चिवटपणा जास्त लागतो.

क्रिस्पर या जनुकं कापण्याच्या तंत्राने वाळूमाशीचं जनुक बंद करता येतं हे २०१९ मध्ये पापाटासी जातीतच दाखवलं गेलंय, तेव्हा तंत्र अशक्य नाही. पण सोडायची कोणती जात? चांदीपुराचा अंश फ्लेबोटोमसबरोबरच सर्जेंटोमिया या वाळूमाश्यांच्या दुसऱ्या गटातही सापडला आहे. एकीला अडवलं आणि रोग दुसरीकडून चालू राहिला तर? तेव्हा थेट उत्तर असं: जवळच्या काळात नाही. तोवर मातीच्या भिंती लिंपणं, शेणाचे ढीग घरापासून लांब नेणं आणि वेळेवर फवारणी याला पर्याय नाही. संशोधनाच्या प्रस्तावात ‘यामुळे चांदीपुराचं निर्मूलन होईल’ असं वाक्य दिसलं की मी तरी तो प्रस्ताव बाजूला ठेवते.

मग करण्याजोगं काय आहे? माझ्या अनुभवाने तुमच्यासारख्याने सुरुवात फवारणीपासून करावी. ऐकायला नीरस वाटेल. डीडीटी आणि पायरेथ्रॉइड ही दोन्ही कीटकनाशकं मज्जापेशीतल्या सोडियमच्या वाहिनीवर काम करतात. त्या वाहिनीच्या जनुकात १०१४ या जागी ल्युसीनऐवजी दुसरं अमिनो आम्ल आलं की कीटक तग धरतो. याला केडीआर म्हणतात. बिहारमधल्या काळ्या आजाराच्या वाळूमाश्यांत हा बदल सापडलेला आहे. आपल्या जिल्ह्यांतल्या माश्यांत तो किती आहे हे गावागणिक तपासणं ही एमव्हीएस्सीच्या, म्हणजे पशुवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीच्या, आवाक्यातली गोष्ट आहे. एका माशीच्या पायातून डीएनए निघतो, साधं पीसीआर लागतं, जिवंत विषाणू हाताळावा लागत नाही, आणि आलेलं उत्तर जिल्हा हिवताप कार्यालयाला त्याच हंगामात कामी येतं.

यातून पुढे विषाणूकडे जायला वाटही आहे. अमेरिकेत रॅले शहरात पकडलेल्या माद्यांपासून फळमाशीचे सुमारे २०० शुद्ध वंश बनवलेले आहेत, प्रत्येकाचा जीनोम वाचलेला. त्यांना सिग्मा टोचून पाहिलं तेव्हा रेफ(२)पीशिवाय आणखी एक जनुक पुढे आलं, सीएचकोव्ह१. त्यात एक उडतं जनुक, म्हणजे जीनोममध्ये जागा बदलणारा डीएनएचा तुकडा, येऊन घुसलेलं असलं की माशी सिग्माला जास्त तोंड देते. आणि हाच बदल त्याआधी ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाला टिकण्याशी जोडला गेला होता! फवारणीने निवडलेली जनुकं विषाणूच्या बाबतीतही काही फरक करतात का, हा प्रश्न वाळूमाशीत विचारण्यासारखा आहे. उत्तर ‘नाही’ आलं तरी ते छापण्याजोगं असेल.

काम हाती घेतलंत तर थोडं जवळून सांगते. संध्याकाळी शेळ्यांच्या गोठ्यात दिव्याचा सापळा लावायचा, पहाटे काढायचा. भेगांतल्या माश्या टॉर्च आणि तोंडाने ओढायच्या नळीने पकडायच्या. नळीत जाळी आणि गाळणी आहे ना ते आधी बघा. वाळूमाशी दोन-तीन मिलिमीटरची, केसाळ, बसली की पंख पाठीवर इंग्रजी व्हीसारखे उभे, आणि उडण्यापेक्षा टुणटुण उड्या जास्त मारते. जात ओळखायला डोकं आणि पोटाचं टोक कापून काचपट्टीवर चढवायचं. घशाच्या आतली दातांची रांग आणि मादीची शुक्रकोशिका पाहिल्याशिवाय नाव द्यायचं नाही. उरलेला धड-पोटाचा भाग आरएनएसाठी. आणि तो लगेच गोठवायचा, नाहीतर दुपारपर्यंत काही शिल्लक राहत नाही. इथे पशुवैद्यक असण्याचा फायदा बघा: बहुतेक पशुवैद्यकीय दवाखान्यांत कृत्रिम रेतनाच्या कांड्यांसाठी द्रव नायट्रोजनचं पात्र असतं. डॉक्टरांना आधी विचारून, वेगळ्या डब्यात, नीट चिठ्ठी लावून ठेवा. रेताच्या कांड्यांत तुमच्या नळ्या मिसळल्या तर तो दवाखाना पुन्हा दारात उभं करणार नाही.

पोट फुगलेल्या, रक्त प्यायलेल्या माश्या वेगळ्या ठेवायच्या. त्यांच्यात विषाणू सापडला तर तो जनावराच्या रक्तातला असू शकतो, त्यावरून माशीला वाहक म्हणता येत नाही. नुकत्याच जन्मलेल्या, कधीच न चावलेल्या नर-मादींत सापडला तर मात्र बसून विचार करण्यासारखं आहे. बरेच शोधनिबंध याच फरकावर पडतात.

फळमाशीबद्दल एक इशारा. ती स्वस्त, दहा-बारा दिवसांत पिढी, मैसूर विद्यापीठाच्या केंद्रातून वंश मिळतात, म्हणून सगळं तिच्यातच करावंसं वाटतं. पण फळमाशीला विषाणू सुईने टोचतात. आतड्याचा अडसर त्यात ओलांडलाच जातो. वाळूमाशीत तर खरी लढाई आतड्यातच होते. तेव्हा फळमाशीत जनुक सापडलं म्हणजे वाळूमाशीत तेच काम करतं, असं लिहू नका. त्यासाठी एकेका रानमादीपासून वेगळे वंश पाळायचे, सगळ्यांना पडद्यातून सारख्याच मात्रेत विषाणू मिसळलेलं रक्त पाजायचं आणि वंशावंशांत फरक पडतो का ते पाहायचं. हे काम जिवंत विषाणूचं, त्याला जैवसुरक्षेची व्यवस्था आणि संस्थेच्या समितीची परवानगी लागते. ते पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणीच करा.

म्हणजे नागपूर की बाहेर, याला माझं उत्तर असं: गोळा करणं, ओळखणं, जनुकं वाचणं नागपुरात, विषाणू पाजणं बाहेर. माफसू, म्हणजे आपलं पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, आणि कापूस संस्था हाताशी आहेत. राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणीही २०२२ मध्ये नागपुरातच झाली आहे, तिच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. मार्गदर्शक एकच हवा, पण सहमार्गदर्शक दुसऱ्या बाजूचा घ्या आणि त्यांचं नाव नोंदणीच्या वेळीच कागदावर येऊ द्या. तोंडी आश्वासनावर राहिलात तर तिसऱ्या वर्षी कुणी ओळख देत नाही. पात्रतेचे नियम संस्थागणिक वेगळे असतात, जाहिरात स्वतः वाचा, सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नका.

राहिली पशुधन विकास अधिकाऱ्याची परीक्षा. घरी कर्ज असेल, धाकटी भावंडं शिकत असतील, तर द्या आणि नोकरी घ्या. फेलोशिप वेळेवर येईलच अशी खात्री मी देणार नाही. घरची ओढाताण नसेल तर एक-दोन वर्षं फेलोशिपच्या परीक्षांना द्यावीत. नोकरीत गेल्यावर संशोधन संपतं असंही नाही, पण दिवसभर दवाखाना आणि लसीकरण करून रात्री माशा ओळखणारे मी फार थोडे पाहिलेत. जे पाहिले ते सगळे लग्नाआधीचे.

तुमची इंटर्नशिप पावसाळ्यात चालू असेल तर प्रस्ताव लिहीत बसण्यापेक्षा एखाद्या ओळखीच्या गोठ्यात सापळा लावून बघा. मालकाला आधी विचारा; रात्रभर दिवा जळला तर म्हैस दूध चोरते का, हा प्रश्न हमखास येतो. सापळ्याला सहा व्होल्टची बॅटरी लागते, ती घरूनच पूर्ण चार्ज करून न्या, कारण गोठ्यात प्लग असलाच तर त्यावर आधीच कडबा कटर लावलेला असतो.